बंद खोलीतील पिकाला कार्बन डायऑक्साइड देताना

हिंगणघाट तालुक्यातील आमच्या शेतावर धान्याच्या जुन्या कोठीत मी एलईडी दिव्यांखाली लेट्यूसचे पीक घेतो. उजेड, पाणी आणि खत वेळेवर मिळत असूनही पानांची वाढ रेंगाळत होती, म्हणून कार्बन डायऑक्साइड मोजणारे मीटर आणले. मोकळ्या हवेत हा वायू दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग, म्हणजे ४२० पीपीएम असतो. दार लावून दिवे सुरू केले, तेव्हा काही तासांतच मीटरचा आकडा २५० च्या खाली घसरला आणि पिकाची उपासमार कशाची होत आहे, ते स्पष्ट झाले.

खोलीत कूलर चालू ठेवला की आकडा पुन्हा ४०० च्या आसपास येई, कारण कूलर बाहेरची हवा सतत आत ढकलतो. मात्र त्याच कारणामुळे कूलर असेपर्यंत आपण सोडलेला वायूही फटीफटींतून बाहेर निघून जातो. त्यामुळे आतलीच हवा फिरवून गार करणारा एसी बसवणे भाग होते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा त्याचे वीजबिल परवडण्यासारखे नाही, म्हणून वायू देण्याचे काम मी ऑक्टोबर ते फेब्रुवारीपुरतेच ठेवले आणि दिवे रात्री लावू लागलो. झाडे हा वायू उजेडातच वापरतात; पिकाचा दिवस आपल्या रात्री उगवत असेल, तर वायूही रात्रीच द्यावा लागतो.

यानंतरचे सर्वांत किचकट काम फटी बुजवण्याचे होते. पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवली की जिथे फट असते तिथे धुराची सरळ रेघ एकाएकी वाकते. अशा जागा सिलिकॉनने बंद केल्या.

एलपीजी जाळूनही हा वायू मिळतो. एक किलो एलपीजीपासून सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, पण सोबत उष्णता आणि वाफ येते, आणि ज्वलन अपुरे झाले तर विषारी कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. बंद खोलीत हा मार्ग मला मुळीच मान्य नव्हता. म्हणून वेल्डिंगवाले वापरतात तसा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घेतला आणि तो भिंतीला साखळीने उभा बांधला. वायू बाहेर पडताना रेग्युलेटर इतका गार होतो की त्यावर पांढरा थर चढतो. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत ४०० वरून ९०० पीपीएमवर जायला सुमारे ३० ग्रॅम वायू पुरतो. पुढे पीक जितके खाते आणि जितके गळते, तितकेच भरत राहावे लागते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने छिद्रांची नळी रोपांच्या वर, पंख्याजवळ टांगली आहे.

सिलिंडरमधून वायू सोडणारा व्हॉल्व्ह वीज गेली की आपोआप बंद होणाराच घ्यावा. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. कामाच्या आठ तासांसाठी माणसाला ५००० पीपीएम ही मर्यादा मानली जाते, म्हणून धोक्याची घंटा त्याच्या बऱ्याच खाली लावली असून मीटरचा पडदा दाराबाहेर ठेवला आहे. आपल्या उच्छ्वासातच हा वायू सुमारे चार टक्के असतो, त्यामुळे मीटरजवळ उभे राहून घेतलेले माप ग्राह्य धरू नये.

वरच्या कप्प्यांतील लेट्यूस आता लवकर काढणीला येते आणि पाने भरदार असतात. खालच्या कप्प्यात उजेड कमी पडतो, तिथे मात्र वायूने फारसा फरक पडला नाही. तिथले दिवे वाढवण्याचे काम सध्या सुरू आहे.