माझ्या टर्मिनलमध्ये लुआ : जून-जुलैची नोंद

हर्णैत १ जूनपासून होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आहेत. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. बंदर शांत, बाहेर संततधार, त्यामुळे मी स्वतः लिहीत असलेल्या टर्मिनलचं (कमांड टाइप करायच्या खिडकीचं) रखडलेलं मोठं काम याच दोन महिन्यांत काढायचं ठरवलं.

मागच्या नोंदीपर्यंत टर्मिनल रोज वापरण्याजोगं झालं होतं. सगळं सी भाषेत आहे. पार्सर, म्हणजे आलेल्या मजकुरातून पडद्यासाठीचे आदेश वेगळे काढणारा भाग, पॉल विल्यम्स यांनी व्हीटी ५०० या जुन्या टर्मिनलसाठी काढलेल्या स्थिती-आकृतीवरून लिहिलेला. अडचण एकच उरली होती. एखादी नवी कळ हवी, खालची पट्टी बदलायची, की सी उघडा, पुन्हा बांधा (कंपाइल करा), चालू सत्रं बंद करा. टर्मिनलच्या पोटात एक छोटी भाषा बसवली की हे संपणार होतं.

भाषा निवडायला वेळ लागला नाही. किटी या दुसऱ्या टर्मिनलमध्ये पायथन भाषा आहे आणि ते छान चालतं, पण माझ्या एवढ्याशा प्रोग्रॅमला ते जड झालं असतं. वेझटर्म या आणखी एका टर्मिनलचं कॉन्फिगरेशन लुआ भाषेत लिहितात. लुआ १९९३ मध्ये रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मली, दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत राहावी अशीच घडवलेली आहे, आणि परवाना एमआयटीचा. मी ५.४ घेतली.

पहिला आठवडा

सी आणि लुआ एकमेकांशी स्टॅकवरून, म्हणजे किंमतींच्या एका चळतीवरून, बोलतात. फंक्शन ठेवा, त्यावर आर्ग्युमेंट ठेवा, पी-कॉल (आत आलेली एरर झेलणारा कॉल) करा, उत्तर वरून उचला. मी उत्तर वाचत होतो, पण उचलत नव्हतो. दर कळीमागे एक उत्तर स्टॅकवर पडून राहायचं. टर्मिनल संध्याकाळपर्यंत नीट चालायचं आणि मग भलत्याच ठिकाणी कोसळायचं. तीन रात्री मी फॉन्टच्या कोडमध्ये चूक शोधत बसलो.

शेवटी लुआ तिच्या एपीआय-तपासणीचा (सीकडून होणारा तिचा वापर तपासणारा) पर्याय चालू करून बांधली. विसेक कळा दाबल्या आणि नेमक्या त्याच ओळीवर थांबली. सीच्या बाजूला २० जागांचीच हमी असते, त्यापुढे जागा मागून घ्यावी लागते. हे मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. कुणी हे काम सुरू करत असाल तर पहिल्या दिवसापासून ती तपासणी चालू ठेवा, आणि प्रत्येक कॉलच्या आधी-नंतर स्टॅकची उंची जुळते का ते पाहा.

जूनचा शेवट

या सगळ्या कामात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे : स्क्रिप्ट काहीही करो, पडद्यावर अक्षर उमटायला उशीर होता कामा नये. टर्मिनल अडकलं की माणसाचा हातच अडकतो.

म्हणून मोजणीचा हुक लावला, म्हणजे ठरावीक सूचनांनंतर माझं फंक्शन बोलावण्याची लुआतली सोय. दर लाख सूचनांनी लुआ माझ्या फंक्शनकडे येते, ते घड्याळ पाहतं, १० मिलिसेकंदांची मुदत उलटली असेल तर एरर फेकतं आणि बाहेरचा पी-कॉल ती झेलतो. चाचणीसाठी अखंड फिरणारा लूप लिहिला, तो व्यवस्थित तुटला. मग त्याच लूपच्या आत स्क्रिप्टचा स्वतःचा पी-कॉल घातला. त्याने माझी एरर गिळली आणि लूप पुढे चालू! उपाय असा सापडला की मुदत उलटल्यावर हुक लाखाऐवजी दर सूचनेला लावायचा. स्क्रिप्ट आतल्या पी-कॉलमुळे सुटली तरी पुढच्याच सूचनेला एरर पुन्हा येते, आणि लूपला बाहेर पडावंच लागतं.

एक भोक अजून उघडं आहे. हा हुक लुआच्या सूचना मोजतो, सीच्या आत काय चाललंय ते त्याला कळत नाही. वाईट पॅटर्न आणि लांबलचक मजकूर स्ट्रिंग-फाइंडला (मजकुरात शोधणाऱ्या लुआच्या फंक्शनला) दिला तर ते सीमध्येच घोटाळत राहतं, हुकची पाळीच येत नाही. सध्या मजकुराच्या लांबीवर मर्यादा घातली आहे, समाधान मात्र नाही.

स्क्रिप्टच्या हातात काय द्यायचं, यावरही मी कडक आहे. पडद्यावर येणारा मजकूर परका असतो. कुठल्यातरी फाइलमध्ये एस्केप सीक्वेन्स, म्हणजे टर्मिनलला दिलेला छुपा आदेश, दडलेला असू शकतो. त्याने स्क्रिप्ट जागी व्हावी आणि स्क्रिप्टने शेलला (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) कमांड पाठवावी, हे मला चालणार नाही. त्यामुळे शेलकडे लिहिण्याची मुभा फक्त माणसाने कळ दाबली तरच. फाइल आणि सिस्टिमपर्यंत पोचवणाऱ्या आयओ आणि ओएस लायब्ररी उघडतच नाही. कमांड संपल्याची खबर ओएससी १३३ च्या खुणांवरून (शेल मजकुरात पेरतो त्या) मिळते, एक्झिट कोडसकट (कमांड जमली की फसली ते सांगणारा आकडा), तेवढं बहुतेक कामांना पुरतं.

स्क्रिप्ट बदलली की लुआची सगळी स्टेट बंद करून नवी उघडतो. जुने कॉलबॅक (स्क्रिप्टने नोंदवलेली फंक्शनं) एकेक सोडवत बसण्यापेक्षा हे स्वच्छ.

जुलै

पहिली खरी स्क्रिप्ट भरतीची. शेजारचे तांडेल काका म्हणाले, "तिथीची पाऊणपट कर, आली भरतीची वेळ." चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. कागदावर मांडलं तर एका तिथीला ४५ मिनिटं, तीस तिथींचे साडेबावीस तास. २९.५३ दिवसांच्या चांद्रमासावरून स्क्रिप्ट तिथीचा अंदाज काढते आणि पट्टीत वेळ लिहिते. ओएस बंद असल्याने घड्याळ टर्मिनलनेच पुरवलं. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र, तेव्हा पहिलं काम तिच्याच घरचं निघालं.

पट्टी मात्र वाकडी आली. 'भरती' या शब्दाचे लुआ १२ बाइट मोजते, यूटीएफ-८ लायब्ररी ४ कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं), आणि आपण वाचतो ती अक्षरं ३. उजवीकडची वेळ दर वेळी सरकायची. आता पडद्याचा ग्रिड (चौकटींची जाळी) ज्या नियमाने घरं मोजतो तेच फंक्शन स्क्रिप्टला दिलंय, रुंदी तिथूनच विचारायची.

मग चक्रीवाऱ्यात दोन दिवस लाइट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी भराभर उतरताना दिसली. टायमर तपासायला टर्मिनल सेकंदाला ६० वेळा जागं होत होतं! आता पोलला (काही घडेपर्यंत थांबणाऱ्या सिस्टिम-कॉलला) पुढच्या टायमरपर्यंतचीच मुदत देतो. काहीच घडत नसेल तर मिनिटाला एकदा जाग.

द्वादशीला पट्टीत ९:०० होते. काकांना पडवीत लॅपटॉप दाखवला. ते पाखाडीपर्यंत जाऊन पाणी बघून आले आणि म्हणाले, "अजून थोडं चढेल." पुढच्या आठवड्यात स्क्रिप्टमध्ये मिनिटांची दुरुस्ती टाकण्याची सोय करतो, आणि स्ट्रिंग-फाइंड वेगळ्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या धाग्यावर) काढता येतं का ते बघतो.