तुम्ही विचारलंत म्हणून: ते लोक हे खरं मानायचे का?

मी रशियन लोककथांचा अभ्यास करते असं कळलं की पहिला प्रश्न ठरलेला. लग्नाच्या पंगतीत, शेजारच्या काकूंकडून, व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतल्या एखाद्या मुलाकडून, सगळीकडे तोच: "ते लोक हे सगळं खरं मानायचे का हो?" हे सगळं म्हणजे कोंबडीच्या पायांवर उभी असलेली झोपडी, उखळात बसून उडणारी म्हातारी बाबा यगा, अंड्यात लपवलेलं मरण. मी तेवढ्यापुरतं "होही आणि नाहीही" असं काहीतरी म्हणते, आणि त्यानं विचारणाऱ्याचं समाधान झालेलं नाही हे मला दिसतं. इतक्या जणांनी विचारलंत, म्हणून आज बैजवार लिहिते. या विषयात याहून चांगला प्रश्न मला तरी माहीत नाही. मीही तो एकदा विचारला होता, आणि उत्तर मिळालं ते एका स्वयंपाकघरात.

मॉस्कोच्या उत्तरेला साडेचारशे किलोमीटरवर वोलग्दा आहे. त्या भागातल्या एका गावात एका आजींकडे मी उन्हाळ्यात काही आठवडे राहिले होते. लाकडी ओंडक्यांचं घर, आत विटांची भलीमोठी भट्टी. तिच्यावर स्वयंपाक, तिच्यातच भाकरी, थंडीत तिच्याच माथ्यावर झोपायचं. भट्टीच्या तिरकस समोरच्या कोपऱ्यात देवाच्या तसबिरी. मी नुकतीच पुस्तकं वाचून गेलेली, डोकं सिद्धांतांनी भरलेलं. एका संध्याकाळी विचारलं, "बाबुश्का, बाबा यगा खरंच असते का?" आजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, मी काय लहान पोर आहे?" मग मी विचारलं, "आणि दोमोवोय?" दोमोवोय म्हणजे घराचा रक्षक, भट्टीमागे राहणारा. आजींचे हात थांबले. भट्टीकडे एक नजर टाकून त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "असं नाव घेऊ नये गं पोरी. आजोबा म्हणावं." आणि माझ्यासमोर सोलायला बटाटे ठेवले.

पुस्तकांतून जे पुरतं कळलं नव्हतं ते त्या दोन उत्तरांमधल्या अंतरानं कळलं. आपण ज्याला सरसकट 'लोककथा' म्हणतो, त्यात रशियन खेड्यातल्या माणसाच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक स्काझ्का, म्हणजे रचलेली गोष्ट. ती "कुठल्याशा राज्यात, कुठल्याशा मुलखात" घडते. गावाचं नाव नाही, साल नाही, साक्षीदार नाही. दुसरी बिलिच्का. 'बिल' म्हणजे घडलेलं. बोरीस आणि युरी या सकलोव बंधूंनी बेलोझेर्स्क भागात गोळा केलेल्या कथा 1915 साली छापल्या, त्यांनी हा शब्द तिथल्या शेतकऱ्यांच्याच तोंडून उचलला. बिलिच्कात गाव असतं, ओळखीची आत्या असते, वार असतो. "आमच्या मावशीचा दीर उशिरा न्हाणीघरात गेला..." अशी ती सुरू होते आणि बहुधा वाईट संपते.

त्या न्हाणीघराला बान्या म्हणतात. गरम दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायची. तिथे बान्निक राहतो, न्हाणीघरातलं भूत. तीन पाळ्या माणसांच्या, चौथी त्याची. तेव्हा आत जायचं नाही, आणि निघताना त्याच्यासाठी थोडं पाणी, साबणाचा तुकडा, बर्चच्या डहाळ्यांची जुडी ठेवून यायचं. रानात लेशी असतो, तो वाट चुकवतो. त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा यायला लागलात तर कपडे उलटे करून घालायचे, डावा जोडा उजव्या पायात चढवायचा. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तो लगेच म्हणतो, "म्हणजे चकवा!" रुसाल्का म्हणजे आपल्याला चित्रांत दिसणारी सुंदर जलपरी नव्हे. बुडून मेलेल्या, अकाली गेलेल्या मुली त्या. द्मित्री झेलेनिन यांनी 1916 साली अशाच मृतांवर एक आख्खा ग्रंथ लिहिला: ज्यांचं मरण वेळेआधी आलं, त्यांचं उरलेलं आयुष्य कुठे जातं? उत्तर असं की ते इथेच, पाण्याच्या काठाशी, वाटेच्या कडेला घुटमळत राहतं. रात्री एकटीनं वाचण्यासारखं पुस्तक नाही ते.

तर, बान्निकसाठी पाणी ठेवलं जायचं. बाबा यगासाठी कुणी काही ठेवल्याचं मी वाचलेलं नाही. पोरांना भीती घालायला तिचं नाव चालायचं, तेवढंच. (आपल्याला 'बाबा' म्हटल्यावर वडील आठवतात. रशियनमध्ये बाबा म्हणजे बाई, म्हातारी.)

गोष्ट खोटी आहे हे रशियन कथेकरी लपवत नसे. राजकन्येचं लग्न लागतं, मेजवानी झडते आणि तो शेवटी म्हणतो: "मीही होतो तिथे, मध प्यायलो, बिअर प्यायलो, मिशीवरून ओघळली, तोंडात काही गेलं नाही." म्हणजे काय? तुम्हाला आत्ता जेवढं मिळालं तेवढंच मलाही. याच्याशेजारी आपली श्रावणातली कहाणी ठेवून पाहा. "ही साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण." तिथे फळ मिळतं, कारण ती व्रताचा भाग आहे, हातात तांदूळ घेऊन ऐकायची आहे. रशियन कथेत ओठसुद्धा ओले होत नाहीत. या दोन शेवटांवर मी माझ्या विद्यार्थ्यांना एक आख्खा तास बोलते, आणि तरी तो पुरत नाही.

सत्तेलाही हा फरक कळत होता. झार अलेक्सेय यानं 1648 साली बहुरूप्यांवर आणि खेळ्यांवर बंदी घातली, तेव्हा लोक रात्री 'न घडलेल्या गोष्टी' सांगतात हाही त्यांचा गुन्हा धरला. पण याच शब्दाची दुसरी बाजू पाहा. त्या काळात सरकारदरबारी स्काझ्का म्हणजे जबानी, खरं सांगितलंय असं मानून लिहून घेतलेलं निवेदन. पीटर द ग्रेटच्या काळापासून 1858 पर्यंत दहा वेळा करदात्यांची शिरगणती झाली, आणि तिच्या याद्यांचं नाव होतं 'रेविझ्स्किये स्काझ्की'. घरात किती पुरुष, कुणाचं वय काय, कोण मेलं, कोण पळालं, सगळं त्यात. रचलेल्या गोष्टीला जुना शब्द 'बास्न्या' होता. जो शब्द जबानीसाठी होता तोच पुढे परीकथेला चिकटला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते.

आता या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या माणसाबद्दल थोडं. अलेक्सांद्र अफानास्येव, जन्म 1826. मॉस्कोत परराष्ट्र खात्याच्या दफ्तरखान्यात नोकरी. 1855 ते 1863 या काळात त्यांनी आठ भागांत जवळपास सहाशे कथा छापल्या. गावोगाव हिंडून नव्हे. बहुतेक कथा रशियन भौगोलिक संस्थेच्या दप्तरातल्या आणि कोशकार व्लादीमिर दाल यांनी देऊन टाकलेल्या संग्रहातल्या. त्यांनी स्वतः टिपलेल्या कथा दहाच्या आसपास. 1862 साली, सरकारविरोधी माणसाशी संबंध असल्याच्या संशयावरून त्यांची नोकरी गेली. जमवलेला ग्रंथसंग्रह विकावा लागला. 1871 साली, पंचेचाळिशीत, क्षयानं ते गेले. बाबा यगाचं उखळ म्हणजे वादळी ढग आणि मुसळ म्हणजे वीज, असा त्यांचा अर्थ. सगळ्या कथांत त्यांना आकाश दिसायचं. मला तो अर्थ पटत नाही. पण ज्या माणसानं पुस्तकं विकून दिवस काढले आणि कथा मात्र तुमच्या-आमच्या हातात ठेवल्या, त्याच्या चुकीबद्दल मी आदरानंच बोलते.

लोककथांचे अभ्यासक व्लादीमिर प्रोप यांनी 1928 साली अफानास्येवच्याच शंभर कथा घेऊन दाखवलं की वरून कितीही वेगळ्या दिसल्या तरी त्या 31 क्रियांच्या एकाच माळेत ओवलेल्या आहेत. विद्यार्थी हीच माळ पाठ करतात. माझं मन मात्र त्यांच्या 1946 च्या ग्रंथात अडकलं, जिथे ते विचारतात की या क्रिया आल्या कुठून. नायक झोपडीपाशी येतो. तिचं दार रानाकडे असतं. तो वळसा घालून पलीकडे जात नाही. म्हणतो, "झोपडी गं झोपडी, रानाकडे पाठ कर, माझ्याकडे तोंड कर." का? प्रोप म्हणतात, कारण वळसा घालायला जागाच नाही. झोपडी सीमेवर उभी आहे, पलीकडे मेलेल्यांचा मुलूख. आत म्हातारी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पसरलेली, एक पाय हाडाचा, नाक आढ्याला टेकलेलं. एवढ्या अरुंद जागेत असं कोण निजतं? शवपेटीतलं प्रेत. ती त्याला वासावरून ओळखते: "शी, रशियन माणसाचा वास येतोय!" जिवंतांना प्रेताचा वास सहन होत नाही, तसा मेलेल्यांना जिवंतांचा. आणि तरी ती त्याला न्हाऊ घालते, जेवू घालते, वाट दाखवते. ती चांगली की वाईट, हेही मला विचारतात. सीमेवर राहणाऱ्याला असं विचारता येत नाही, असं मला वाटतं.

म्हणजे स्काझ्का खोटी आणि बिलिच्का खरी, एवढ्यावर उत्तर संपलं का? नाही, कारण मधे ते लाकडी फावडं येतं.

बाबा यगा मुलाला भाकरीच्या लांब दांड्याच्या फावड्यावर बसवते आणि भट्टीत ढकलू पाहते. मुलगा हातपाय फाकवतो, फावडं आत जात नाही. "कसं बसायचं ते दाखव की," तो म्हणतो. ती बसते, तो तिलाच आत सारतो. पोरं टाळ्या वाजवतात. आता खऱ्या गावात जाऊ. मूल खुरटलं, चेहरा म्हाताऱ्यासारखा सुरकुतला, तर त्याला 'कुत्र्याचं म्हातारपण' लागलं असं म्हणत. मग कुठे कुठे त्याला राईच्या पिठाच्या कणकेत गुंडाळत, भाकरीच्या फावड्यावर ठेवत आणि कोमट भट्टीत तीनदा आत सरकवून बाहेर काढत. एक बाई विचारी, "काय भाजतेस?" दुसरी सांगे, "कुत्र्याचं म्हातारपण भाजते." पोटात नीट न शिजलेलं मूल, म्हणून पुन्हा एकदा भाजायचं. हे ऐकीव नाही. कवी गव्रीला देर्झाविन यांचा जन्म 1743 चा, कझान प्रांतातला. ते आपल्या आठवणींत लिहितात की आपण इतके लहान आणि दुबळे जन्मलो की त्या भागाच्या रीतीप्रमाणे आपल्याला कणकेत भाजलं, थोडा तरी जीव यावा म्हणून. जगले ते 1816 पर्यंत.

भट्टी तीच, फावडं तेच, मूल तेच. एकीकडे राक्षसीण, दुसरीकडे आई. कथेतून रीत आली की रीतीतून कथा, हे मी सांगणार नाही, तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण ज्या बाईनं सकाळी आपलं आजारी पोर त्या फावड्यावर ठेवलं, तिनं रात्री धाकट्यांना ही गोष्ट सांगितली असेल तेव्हा तिच्या आवाजात काय असेल, याचा विचार मी वर्षानुवर्षं करते आहे. आपल्याकडे मुलं जगत नाहीत म्हणून धोंडू, केरू अशी नावं ठेवणाऱ्या आयांनी काय 'मानलं' होतं? त्यांना हा प्रश्न विचारायला कुणी धजेल का?

"मग हे आपल्याकडूनच तिकडे गेलं का?" असंही विचारतात, विशेषतः कश्चेय या अमर खलनायकाची कथा सांगितली की. त्याचं मरण सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत. मराठी श्रोत्यांतून लगेच आवाज येतो: "पोपटात जीव!" खरं आहे. मेरी फ्रिअर या मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीनं एका ख्रिस्ती आयाकडून, अॅना लिबराटा डिसूझांकडून ऐकलेल्या कथा 1868 साली छापल्या, त्यात पहिलीच कथा पोपटात जीव असलेल्या जादूगाराची आहे. कुणी कुणाकडून घेतलं यावर दीडशे वर्षं वाद चालू आहे आणि मला त्यात रस नाही. अंडं फुटताना ऐकणारं पोर इथेही श्वास रोखतं आणि तिथेही, मला तेवढं पुरतं.

त्या वोलग्द्याच्या आजी आता गावात नाहीत. गुडघे गेले, लाकडं फोडवेनात, म्हणून मुलीनं शहरात आपल्या फ्लॅटवर नेलं. मुलीशी माझं अधूनमधून बोलणं होतं. पूर्वी घर बदललं की घरातली वडीलधारी बाई जुन्या भट्टीतले निखारे मडक्यात घेऊन नव्या घरी जायची आणि दोमोवोयला सोबत बोलवायची: "आजोबा, चला आमच्याबरोबर." निखारे नसतील तर जुना जोडा पुढे करायचा, त्यात बसून तो येतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये भट्टी कुठली? मुलगी सांगत होती, गाडीत सामान भरून झाल्यावर आई एकटीच परत आत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा हातात वडिलांचा एक जुना लोकरी बूट होता. जोडीतला एकच. पाच तासांच्या प्रवासात तो त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही, आणि वळणावर गाडी हलली की वरून हात धरत होत्या.

आता तो बूट गॅसच्या शेगडीमागे, भिंतीच्या फटीत आहे. मुलगी तिथे झाडू मारताना तो उचलत नाही.