बारा पट्टे

डिसेंबरात दक्षिण इंग्लंडमध्ये दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणून आठवड्यातून एकदा माझ्या वाट्याला येणारी गुरांची पाहणी मी जेवणाआधीच उरकून घेते. सरे परगण्यातील आमच्या घराजवळ हीथ आहे, म्हणजे रेताड जमिनीवर हेदरची खुरटी झुडपे आणि काटेरी गॉर्स माजलेला माळ. त्यावर बारा गायी मोकळ्या सोडल्या आहेत. त्यांना गोठा नाही, दावे नाही, गुराखीही नाही. आम्ही काही स्वयंसेवक पाळीपाळीने जाऊन त्यांना पाहून येतो.

बारा मोजून झाल्या की काम संपले, अशी माझी सुरुवातीला समजूत होती. प्रत्यक्षात गाय उठताना कोणता पाय आखडते, नाक वाहते आहे का, शेण पातळ आहे का, कानांतले बिल्ले शाबूत आहेत का, एखादी कळपापासून दूर का पडली आहे, हे सारे न्याहाळावे लागते, आणि तेही तिच्या फार जवळ न जाता. आजोळी आजोबा गोठ्यात पाऊल टाकताच म्हणत, "ढवळीचं आज काहीतरी बिनसलंय." आम्हा मुलांना ती कालच्यासारखीच दिसे.

या गायी बेल्टेड गॅलोवे जातीच्या, मूळच्या नैर्ऋत्य स्कॉटलंडच्या. भुंड्या, काळ्याभोर, आणि पोटाभोवती रुंद पांढरा पट्टा असलेल्या. वरचे केस लांब आणि राठ, आत दाट मऊ लव. एका कडाक्याच्या सकाळी एकीच्या पाठीवर दव गोठून पांढरे झालेले पाहून मला तिची फार कीव आली होती. ते वितळत नाही, याचा अर्थ तिच्या अंगातली ऊब बाहेर जात नाही, हे मागाहून कळले. दोन स्वेटरांत कुडकुडणारी मीच खरी कीव करण्याजोगी होते.

हा माळ निसर्गाने एकट्याने घडवलेला नाही. शतकानुशतके माणसांनी येथे सरपण तोडले, गुरे चारली, म्हणून तो उघडा राहिला. चराई थांबली की पांढऱ्या खोडाचे बर्च आणि पाइन ही झाडे पाहता पाहता त्याचा ताबा घेतात. ब्रिटनमधले सखल भागातले असे माळ 1800 नंतर ऐंशी टक्क्यांहून अधिक नाहीसे झाले आहेत. या गायी राठ गवत खातात, कोवळी रोपे खुडतात, खुरांनी जमीन उकरतात. थोडक्यात, त्या येथे नोकरीला आहेत.

गेल्या मंगळवारी अकराच भरल्या. पुन्हा मोजल्या, तरी अकराच. पाऊण तास मी चिखलात वणवण केली, आणि मग ज्या बर्चच्या झुडुपांवरून दोनदा गेले होते, तेथेच एक पांढरे खोड हळूच हलले. बाईसाहेब निवांत रवंथ करीत उभ्या होत्या. पाण्याच्या टाकीवरचा बर्फाचा पापुद्रा बुटाच्या टाचेने फोडला आणि काकडलेल्या बोटांनी गटावर कळवले: "बारा. सगळ्या ठीक."