आमच्याच दारातली आमचीच गाडी

साताऱ्यात राजपथावर आमचं मॅचिंग सेंटर आहे. फॉल, अस्तर, लेस, बटणं असला बारीकसारीक माल. लग्नसराईतल्या एका दुपारी शाहूपुरीच्या नेहमीच्या ताईंचा फोन आला. "अहो, तीन चकरा झाल्या, गाडी लावायला जागाच नाही. जाते आता घरी." राजपथाने वर राजवाड्यापर्यंत, मग खालच्या रस्त्याने परत पोवई नाका. अशा तीन. म्हणजे घ्यायचा होता एक फॉल आणि गर्दीत भर तीन गाड्यांची.

फोन ठेवून दाराकडे बघितलं, तर समोर आमचीच गाडी. सकाळी दहाला ह्यांनी लावलेली, रात्री साडेआठला निघणार. माझ्याकडे एक गिऱ्हाईक वीस-पंचवीस मिनिटं थांबतं. दिवसभरात त्या जागेवर वीसेक गिऱ्हाइकांच्या गाड्या आळीपाळीने लागल्या असत्या. टू-व्हीलर तर एका वेळी पाच-सहा.

मग आमच्या बाजूच्या गाड्या मोजल्या. 11 चारचाकी, त्यातल्या 7 आम्हा दुकानदारांच्याच. आणि व्यापाऱ्यांच्या बैठकीत आम्हीच ओरडतो, पार्किंग नाही म्हणून!

मापाची टेप हाताशीच असते, म्हणून गाडीही मोजली. रुंदी पावणेसहा फूट. गटारापासून सोडलेलं फूटभर धरा. रस्त्याच्या बाजूचं दार उघडलं की आणखी तीन फूट. म्हणजे एक उभी गाडी जवळपास दहा फूट खाते. एसटीला साडेआठ फूट लागतात. समोरच्या बाजूलाही अशीच रांग असली की मधे काय उरतं ते आमच्या पायरीवर उभं राहून बघावं. तरी उभी गाडी एक वेळ परवडते. खरी कोंडी होते ती बाहेर काढताना. मागे घ्या, पुढे घ्या, परत मागे. तोवर राजवाड्याची बस थांबलेली, तिच्यामागे रिक्षा, आणि रिक्षाच्या बगलेतून घुसू पाहणारा एक बुलेटवाला, जो समोरून येणाऱ्यांचीही वाट बंद करतो. त्यात कुणीतरी इंडिकेटर लावून डबल लाइनमध्ये, "दोनच मिनिटं हो!"

पोवई नाक्याचा ग्रेड सेपरेटर, म्हणजे नाक्याखालून जाणारा भुयारी रस्ता, 2021 साली सुरू झाला. नाका मोकळा झाला हे खरंच. पण तिथून सुटलेली गाडी शेवटी राजपथावरच्या मोती चौकातच येऊन अडकते. 2020 च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूर शहरात आलं. बस्ता बांधायला, पेढे घ्यायला सगळे इथेच येणार, आणि पेठांमधले रस्ते आहेत तेवढेच आहेत. पुण्यात पी-1, पी-2 च्या पाट्या असतात, सम तारखेला एक बाजू, विषमला दुसरी. चांगली सोय आहे, फक्त 31 तारखेनंतर 1 आली की दोन्ही दिवस विषमच. शिवाय बाजू बदलली तरी दिवसभर उभी राहणारी गाडी दिवसभरच उभी राहते.

शेजारच्या भाऊंना म्हटलं, आपण तरी गाड्या लांब लावू या. ते म्हणाले, "वहिनी, आपल्या दारात आपण नाही लावायची, तर काय नाक्यावर लावून चालत यायचं?"

ह्यांनी मात्र ऐकलं. सोमवारी गाडी घरीच ठेवून चालत आले, बारा मिनिटं लागली म्हणाले. दहा वाजता आमच्या दारात पहिल्यांदा जागा रिकामी दिसली. दहा वाजून पाच मिनिटांनी तिथे भाऊंच्या पुतण्याची गाडी लागली. रात्री साडेआठला मी शटर ओढलं तेव्हा तिथेच होती.