काल दरी, आज हत्ती

हेझीव्ह्यूच्या खोलीत बसून लिहितेय. बाहेर दक्षिण आफ्रिकेतला हिवाळा, आई शाल गुंडाळून केव्हाच झोपलीय.

काल ब्लाइड नदीची दरी पाहिली. समोर थ्री रोंडावेल्सचे डोंगर, गोल झोपड्यांसारखे, आणि खाली हिरवंगार पाणी. पण आई रमली ती बोर्क्स लक पॉटहोल्सपाशी. पुलावरून वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगं, हे तर आपल्या निघोजचे रांजणखळगे!" खरंच तसेच. पाण्यासोबत दगडगोटे गरगर फिरत हजारो वर्षं खडक कोरत राहतात. कुकडी काय नि ब्लाइड काय. इथे ट्रूर आणि ब्लाइड नद्यांचा संगम होतो. एकीच्या नावाचा अर्थ दुःख, दुसरीच्या आनंद.

आज पहाटे क्रुगर राष्ट्रीय उद्यान. उघडी जीप, अंगावर घोंगड्या, गारठ्याने बोटं बधिर. गवत वाळून खाली बसलंय, म्हणून लांबवरचं दिसतं. झेब्रे, जिराफ दिसले. सिंह नाही दिसला, त्याचं काहीच वाटलं नाही, कारण एका वळणावर गाइडने इंजिन बंद केलं आणि हत्तींचा कळप रस्ता ओलांडू लागला. मधे एक पिल्लू, आईच्या पायांत घुटमळणारं. ती थांबली, आमच्याकडे तोंड करून कान पसरले. आम्ही श्वास रोखलेला. पिल्लू पार झालं तशी तीही वळली.

आईने माझा हात घट्ट धरला होता. कळप झाडीत दिसेनासा झाला तरी सोडला नाही.