पडदा १००, नोंद ६: स्लॅबखाली ४७ अंश

"जागा ठरली, आता फक्त मॉडेल ठरवायचं," असं नोंद ५ मध्ये ठणकावून लिहिलं होतं. घरातल्या १०० इंची पडद्यासाठी प्रोजेक्टर घ्यायचाय, आणि जागा म्हणजे छत. ते मागे घ्यावं लागतंय. छताला टांगलेला, भाड्याने आणलेला ट्रायल डीएलपी प्रोजेक्टर (चिपवरच्या बारीक आरशांनी चित्र पाडणारा) पन्नासाव्या मिनिटाला टेंपरेचरचा लाल दिवा लावून बंद पडला. वीस मिनिटं थंड करून पुन्हा लावला, तर पस्तीस मिनिटांत परत तेच. जळगाव, मे महिना, रात्रीचे नऊ.

खोलीचे आकडे तेच आहेत: १० बाय १४ फूट, उंची १० फूट, पडदा १०० इंची म्हणजे ८७.२ बाय ४९ इंच. चित्राची खालची कड जमिनीपासून ३० इंचांवर, वरची ७९ वर. बजेट सव्वा लाख, त्यात पडदा, केबल, यूपीएस सगळं आलं.

आपल्याकडे कशाचंही खापर आधी व्होल्टेजवर फुटतं, म्हणून पहिला मीटर प्लगला लावला. तासाभरात २०८ ते २२६. पॉवर सप्लाय १०० ते २४० चा, म्हणजे तो निर्दोष. फिल्टर नव्हताच, बरेच डीएलपी बिनफिल्टरचे येतात. पंखे फिरत होते, जाळ्या स्वच्छ होत्या. मग वीतभर वायरचा प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर घेतला (फ्रिजमध्ये ठेवतात तो, गोलाणी मार्केटमध्ये सहज मिळतो) आणि प्रोब इनटेकच्या (हवा आत जाते त्या) जाळीपासून दोन बोटांवर चिकटवला. अर्ध्या तासात ४७ अंश. बहुतेक मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत "ऑपरेटिंग टेंपरेचर" लिहिलेलं असतं, कुठे ३५, कुठे ४०. ब्रोशरमध्ये ते क्वचितच सापडतं. ज्याला खानदेशात प्रोजेक्टर घ्यायचाय त्याने लुमेनच्या (उजेडाच्या आकड्याच्या) आधी हा आकडा वाचावा.

४७ आले कुठून? दोन ठिकाणांहून. एक, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता खाली सोडतो आणि गरम हवा वरच साठते. त्याच वेळी सोफ्यावर बसलेल्याच्या डोक्याजवळ ३६.५ होते. दोन, पीओपीत हौसेने केलेला खण. यंत्र २४ बाय २० इंचांच्या खणात अर्धं लपलेलं, एक्झॉस्टची हवा खणाच्या भिंतीवर आपटून वळसा घालून इनटेकमध्ये परत. मॅन्युअल चारी बाजूंनी साधारण ३० ते ५० सेंटिमीटर मोकळी जागा मागतं, ते उगाच नाही. खणाची पट्टी काढली, ४४ वर आलं. पीओपीवाल्याने चार हजारांत केलेली शोभा गेली ती गेली.

मग यंत्र छतापासून खाली आणायला १८ इंची जीआय पाइपचा ड्रॉप. ४१.५. अजून दीड अंश जास्तच.

इथे "हाय अल्टिट्यूड मोड"चा सल्ला हमखास मिळतो. तो मोड साधारण १५०० मीटरच्या वरच्या विरळ हवेसाठी असतो, पंखे जोरात फिरवतो. सातपुड्यात तोरणमाळलाही तेवढी उंची भरत नाही, पण युक्ती चालते: इनटेकचं तापमान तेवढंच राहिलं तरी लाल दिवा उशिरा आला, एक तास वीस मिनिटांनी. पंखे मात्र घासतात, आणि रोग तसाच राहतो. आवाजाबद्दल म्हणाल तर २८ डेसिबल की ३२ हा वाद पुण्याच्या मंडळींनी घालावा. इथे कूलर चालू असतो.

ड्रॉपची दुसरी भानगड छताच्या पंख्याची. आखूड माउंटवर लेन्स ११२ इंचांवर होती आणि चित्र खाली ओढायला यंत्र १४ अंश झुकवून कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र यंत्राकडूनच चौकोनी करून घेणं) मारला होता. पंख्याची पाती १०५ इंचांवर, त्यांची टोकं किरणात यायची आणि चित्र लुकलुकायचं. पंखा बंद करावा तर मे महिन्यात तिथे बसणार कोण? शिवाय कीस्टोन म्हणजे चिपचे पिक्सेल फेकून देणं. कोपऱ्यांतली अक्षरं लगेच मऊ पडतात. लांब रॉडने दोन्ही सुटतं, १०५ टक्के ऑफसेटला (लेन्स चित्राच्या कडेपासून उंचीच्या ५ टक्के बाहेर) लेन्स ८१.५ इंचांवर आणली की कीस्टोन शून्य. पण तीन फुटी रॉडला पंख्याचा वारा लागतो. लेन्स पडद्यापासून १० फुटांवर असेल तर रॉडच्या ०.१ अंशाच्या झोक्याने चित्र सुमारे ५.३ मिलिमीटर सरकतं. १०० इंची चित्रात १०८०पीचा एक पिक्सेल १.१५ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ पाच पिक्सेलचा झोका. सबटायटल्स जत्रेतल्या पाळण्यासारखी हलतात. रॉडला तिरप्या तारा ताणून हे कमी होतं, पण बैठकीच्या खोलीत ते तंबूचं सामान कोण लावू देणार?

आते काय करानं? छत सोडायचं. मागच्या भिंतीला ६६ इंचांवर प्रोब टांगला: ३८. कूलर कोपऱ्यात तिरपा लावून समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवली: ३४. म्हणजे नुसती उंची बदलून आणि हवेला वाट देऊन ४७ चे ३४. या सगळ्या खटाटोपात मनापासून आनंद देणारा आकडा हाच.

कूलरचं तोंड थेट यंत्राकडे करायचा मोह होतो. करू नका. पॅडमधून उडणारे बारीक थेंब, त्यात आपल्याकडचं बोअरचं जड पाणी. वाळलं की जाळीवर क्षाराची पांढरी पुटं. धूळ ओली होऊन फिल्टरवर लेप बसतो, तो ब्रशने निघत नाही. कूलरने खोली थंड करायची, प्रोजेक्टर नव्हे. उघडी खिडकी रात्री चालते; दिवसा उजेड अडवायला काळ्या रंगाच्या दोन प्लायच्या पट्ट्या एकमेकींसमोर आड-आड लावायच्या, हवा वळून जाते, प्रकाश अडकतो.

मागच्या भिंतीवर गेलं की मॉडेलची सगळी यादीच उलटते. लेन्स पडद्यापासून १४४ इंचांवर येते. ट्रायलच्या यंत्राचा थ्रो (लेन्सचं पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.१३ ते १.४६; तिथून लहानात लहान चित्र ११३ इंची, स्पीकरला जागाच उरत नाही. नोंद ३ मधली शॉर्ट थ्रोची नावं तर सगळीच कटली. १.५० ते १.६६ थ्रोचे डीएलपी बसतात, साधारण ९९.५ ते ११० इंच. पण ऑफसेट ठाम. ६६ इंचांवर सरळ ठेवलं तर चित्र ६८ पासून सुरू होतं, मान वर करून बघावं लागेल. उलटं टांगलं तर खालची कड साडेचौदा इंचांवर, टीव्ही युनिटच्या मागे. योग्य उंची पुन्हा तीच ८१.५, म्हणजे पुन्हा गरम थरात.

म्हणून लेन्स शिफ्ट, म्हणजे यंत्र न हलवता लेन्सनेच चित्र वर-खाली सरकवणं. मध्यम बजेटमध्ये ही सोय मोजक्याच यंत्रांत मिळते. एप्सनच्या ईएच-टीडब्ल्यू६२५० ला उभा शिफ्ट ±६० टक्के आणि थ्रो १.३२ ते २.१५. आपल्याला १.६५ हवाय, ऐन मधे. चित्राचा मध्य ५४.५ इंचांवर, लेन्स ६६ वर, फरक ११.५ इंच, म्हणजे चित्राच्या उंचीच्या साडेतेवीस टक्के. आरामात. कीस्टोन शून्य, वरचा किरण ७९ च्या वर जातच नाही म्हणून पंखाही मोकळा. सोफ्यावरच्या डोक्यांवरून खालचा किरण ६० इंचांवरून जातो. बसलेलं माणूस ४५ च्या आतच.

लुमेनबद्दल थोडक्यात, कारण पुन्हा पुन्हा विचारलं जातं. ऑनलाइनवरचे "९००० लुमेन"चे डबे विसरा. एएनएसआय किंवा आयएसओ २१११८ असं मोजणीचं मानक लिहिलेलं नसेल तर तो आकडा शोभेचा. १०० इंची पडदा २९.७ चौरस फूट. २८०० लुमेनचं यंत्र इको मोडमध्ये, रंग नीट केल्यावर १३०० देतं असं धरा, गेन १.० च्या (उजेड न वाढवता परतवणाऱ्या) पडद्यावर ४३ फूट-लँबर्टच्या (पडद्याच्या उजळपणाचं माप) पुढे जातं. सिनेमागृहाचं प्रमाण १४ ते १६. अंधाऱ्या खोलीत लुमेनमागे धावणं म्हणजे वॉटमागे धावणं, आणि इथे प्रत्येक वॉट उष्णता होऊन अंगावर येतो. ४के चंही तसंच: या किमतीत दोन्हीकडे सरकवासरकवीच. ०.४७ इंची डीएलपी चिपवर आरसे १९२० बाय १०८० च, चारदा हलवून ४के; थ्रीएलसीडीत (आरशांऐवजी तीन एलसीडी पॅनेलं, वरचं एप्सन याच जातीचं) पॅनेलचं चित्र तिरकं सरकवून. दहा फुटांवरून यावर भांडायची गरज नाही. इंद्रधनुषी रेषा दिसतात का हे मात्र घरातल्या प्रत्येकाला दाखवून तपासा. पांढऱ्या अक्षरांवरून नजर झटकन फिरवायला सांगा. ज्याला दिसतात त्याला कलर व्हील (रंग एकामागून एक दाखवणारी फिरती चकती) असलेला डीएलपी कायम छळणार.

आता थ्रीएलसीडीची खरी अडचण: धूळ. डीएलपीत प्रकाशाचा मार्ग बऱ्याच मॉडेलमध्ये बंद असतो, थ्रीएलसीडीत हवा पॅनेलजवळूनच जाते. एखादा कण पॅनेलपाशी बसला की काळोख्या दृश्यात हिरवट किंवा जांभळट धूसर ठिपका. कापसाच्या हंगामात आपल्या हवेत काय उडतं ते सांगायला नको. तपासणी सोपी: पूर्ण करडं चित्र लावा आणि फोकस सावकाश बिघडवा, ठिपका रेखीव होत गेला तर कण आत आहे. वापरलेलं यंत्र घेताना हे दुकानातच करा. फिल्टर ऑक्टोबर ते जून दर पंधरा दिवसांनी काढून, यंत्र थंड असताना, मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने. तोंडाने फुंकर नको. गॅसचा स्प्रे तर गरम दिव्याजवळ अजिबात नको. रस्त्याकडच्या खिडकीला मच्छरजाळीचा दुहेरी थर.

किरकोळ. केबल आता लांब झाली, १० मीटर. तांब्याची एचडीएमआय १८ गिगाबिटला पाच मीटरपुढे भरवशाची नाही, म्हणून फायबरची. तिला दिशा असते, "सोर्स" टोक एव्हीआरकडे (स्पीकर आणि चित्राची जोडणी सांभाळणारा अॅम्प्लिफायर), आणि पाइपात ओढण्याआधी जमिनीवर जोडून बघायची. पाइप एक इंची, दोन्ही तोंडं बंद, उंदरांसाठी. यूपीएस ६०० व्हीएचा पुरतो, सिनेमा बघायला नाही तर वीज गेल्यावर दिवा दोन मिनिटं थंड करून बंद करायला. बिल घेताना जीएसटी बघा: २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवर २८ ऐवजी १८ टक्के. जुन्या स्टॉकचा भाव सांगणारे अजून भेटतात.

पडद्याची फ्रेम मात्र झाली, आणि झकास झाली! स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडून दीड बाय एक इंची अॅल्युमिनियम सेक्शन, कोपरे ४५ अंशांत, मधे एक उभा दांडा. ओढायच्या पीव्हीसी पडद्याच्या कडा उन्हाळ्यात वळतात, म्हणून ताणलेलं कापडच. फुले मार्केटमधून काळं मखमल, तीन इंची काठ. दोन्ही कर्ण मोजले, फरक दोन मिलिमीटर.

मागच्या भिंतीला २४ बाय २४ ची कडप्प्याची फळी घ्यायचं ठरलंय. एक इंच जाडीची सुमारे २५ किलो, हलायचा प्रश्न नाही. लोखंडी ब्रॅकेट दोन, १० मिलिमीटरचे अँकर, आणि विटेत मारायचे, प्लॅस्टरमध्ये नाही.

हे लिहिताना एक जाणवलं. ३४ मोजलं ते यंत्र नसताना. ३०० वॉटचं धूड तिथे बसलं की स्वतःचीच हवा पिणार, आणि मर्यादा ३५ ची असेल तर हातात एकच अंश उरतो. त्याच भिंतीत ८४ इंचांवर जुना झरोका आहे. ३०० वॉट १० अंशांच्या फरकाने बाहेर काढायला सुमारे ५५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. १२० मिलिमीटरचा कॉम्प्युटरचा १२ व्होल्ट पंखा कागदावर तेवढा देतो, जाळी आणि वळणं धरली तर निम्मा. म्हणून दोन, एक्झॉस्टच्या बाजूने सहा इंची पत्र्याचं नरसाळं, तोंड यंत्रापासून चार इंच लांब; चिकटवलं तर यंत्राच्या आतला हवेचा हिशोब बिघडतो. ज्यांचा एक्झॉस्ट पुढे तोंड करून असतो त्यांना हे जमणार नाही, म्हणजे मॉडेल बघताना आणखी एक रकाना वाढला.

आणि यंत्र विकत घ्यायच्या आधीच हे तपासता येतं. पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा आडवा, आत १०० वॉटचे तीन पिवळे बल्ब, एका बाजूला ८० मिलिमीटरचा पंखा आत ओढणारा, दुसऱ्या बाजूला भोकं. उष्णतेपुरता तो प्रोजेक्टरच. होल्डर चिनी मातीचे घ्यायचे, प्लॅस्टिकचे वितळतात, आणि डब्याला अर्थिंग. दोन तास फळीच्या जागी स्टुलावर चालवायचा, कूलर आणि झरोक्याचे पंखे चालू, प्रोब इनटेकला, दर दहा मिनिटांनी आकडा. ३४ च्या आत राहिला तर लेन्स शिफ्टवाल्याची ऑर्डर. ३५ ओलांडला तर आधी गच्चीवर चुन्याचे दोन हात आणि पुन्हा हाच डबा. भोकं पाडायला डबा पत्रेवाल्याकडे दिलाय, शनिवारी मिळेल.