कराड ते गुहागर: भूकंपतरंगांच्या वाटेवर

कराडहून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट ओलांडून गुहागरला जाणारा रस्ता कोकणात उतरणाऱ्यांच्या परिचयाचा आहे. यंदा मी तो पायाखालच्या भूकवचासाठी धरला, कारण महाराष्ट्रात या टापूइतका त्याचा बारकाईने अभ्यास क्वचितच कुठे झाला असेल.

कराडला केंद्र सरकारची बोअरहोल जिओफिजिक्स संशोधन प्रयोगशाळा आहे. कोयना परिसरातील खोल बोअरमधून काढलेले खडकाचे दंडगोल, म्हणजे कोअर, तेथे खोलीच्या क्रमाने खोक्यांत लावून ठेवलेले आहेत. काळ्या बेसाल्टमधील पोकळ्या झिओलाइट या पांढऱ्या खनिजाने भरलेल्या दिसतात, मध्येच विटकरी रंगाचा ठिसूळ थर लागतो, पुन्हा बेसाल्ट येतो, आणि असे कितीतरी लाव्हाचे थर संपल्यावर एकाएकी करडा-गुलाबी ग्रॅनाइट सुरू होतो. गोठणे येथील तीन किलोमीटर खोल बोअर २०१७ मध्ये पूर्ण झाली. तिच्यात बेसाल्ट सुमारे १,२५० मीटरवर संपला. किल्लारीच्या बोअरमध्ये बेसाल्टखाली गाळाचा पातळ थर सापडला होता, येथे मात्र तसा थर मिळाला नाही.

परंतु भूकवच येथे चाळीस किलोमीटरच्या आसपास जाड आहे आणि बोअर तीन किलोमीटरवर थांबते. त्यापुढची माहिती तरंगांकडूनच घ्यावी लागते. भूकंपाचे प्राथमिक, म्हणजे सर्वांत आधी पोहोचणारे, तरंग बेसाल्टमधून सेकंदाला साधारण पाच, ग्रॅनाइटमधून सहा आणि कवचाखालच्या प्रावरणातून आठ किलोमीटर वेगाने जातात. वेग बदलतो तेथे ते वाकतात किंवा परततात, त्यामुळे वेगवेगळ्या केंद्रांवर ते केव्हा पोहोचले यावरून थरांची खोली काढता येते. १९०९ मध्ये झाग्रेबजवळच्या भूकंपाच्या नोंदी तपासताना आंद्रिया मोहोरोविचिच यांना काही केंद्रांवर प्राथमिक तरंग दोनदा आलेले आढळले. एक तरंग कवचातून सरळ आला होता, तर दुसरा खालच्या वेगवान थरातून वळसा घेऊन. कवचाचा तळ असा सापडला, आणि म्हणूनच त्या सीमेला ‘मोहो’ म्हणतात.

पाटण सोडल्यावर दोन्ही बाजूंच्या डोंगरांत लाव्हाच्या पायऱ्या उघड्या दिसू लागतात आणि मग कोयनानगर येते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने येथे दीडशेहून अधिक माणसे दगावली. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरू लागल्यापासून सुरू झालेले धक्के आजही थांबलेले नाहीत. त्यांतले बहुतेक धरणाच्या दक्षिणेकडील सुमारे तीस किलोमीटर लांब आणि वीस किलोमीटर रुंद पट्ट्यात, दहा किलोमीटरच्या आतल्या खोलीवर होतात. येथील घरांनी जे सोसले ते मोठेच आहे, आणि त्याच धक्क्यांच्या नोंदी आज कवचाची माहिती देत आहेत, हे मला या प्रवासात सतत जाणवत राहिले. काही भूकंपमापक तर बोअरमधून बेसाल्टखालच्या ग्रॅनाइटमध्ये उतरवले आहेत, कारण वर वारा, वाहतूक आणि बेसाल्टचे कमी-अधिक कठीण थर नोंद गढूळ करतात. पाण्याने भरलेल्या भेगांतून जाताना दुय्यम, म्हणजे प्राथमिक तरंगांच्या मागून येणारे, तरंग प्राथमिक तरंगांपेक्षा अधिक मंदावतात. म्हणून दोन्हींच्या वेगांचे गुणोत्तर पाहिले की पाणी कोठे मुरले असावे याचा माग लागतो. धक्के जलाशय भरू लागल्यापासून सुरू झाल्याने कोयनेसाठी हाच प्रश्न कळीचा आहे.

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे मी गुहागरला पोहोचलो. १९७० च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा दोन रेषांवर जमिनीत सुरुंग उडवून तरंग नोंदवले, आणि मोहो येथे सुमारे ३६ ते ४० किलोमीटर खोल असल्याचे दिसले. सुरुंगाची जागा आणि वेळ आधीच नेमकी ठाऊक असते, भूकंपाच्या बाबतीत मात्र त्या दोन्ही गोष्टी नोंदींमधूनच काढाव्या लागतात. उलट सुरुंगातून दुय्यम तरंग फारसे उमटत नाहीत आणि भूकंप ते भरपूर देतो, शिवाय कवचाच्या आतून देतो. म्हणूनच हे दोन्ही पुरावे एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. कुंभार्लीच्या माथ्यावर वाहने थांबतात तेथे बेसाल्ट, ग्रॅनाइट आणि मोहो किती खोल आहेत हे सांगणारा एक फलक असावा, असे मला मनापासून वाटते.